ठशातली जास्वंद आणि रंगीत पेन्सिली : माझा अनुभव

पाच पाकळ्यांची जास्वंद, मधून बाहेर आलेला लांब केसरदंड, शेजारी एक कळी आणि दोन पानं. साडेसात सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर उंच असा हा फोटोपॉलिमरचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा, पारदर्शक स्टॅम्प. त्यावरून दिवाळीची बारा कार्डं करायची म्हणून पंधरा ठसे उमटवले. तीन रंगवताना वाया गेले, आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं : पेन्सिल लवकर दाबली गेली.

हे कारण नीट समजलं की बाकीची कृती आपोआप उलगडते. कागद हाताला कितीही गुळगुळीत लागला तरी त्याला बारीक दाणा असतो. पेन्सिलीतला रंग आधी त्या दाण्याच्या उंचवट्यांवर घासला जातो आणि मग थराथराने खळग्यांत भरत जातो. पहिल्याच हाताला जोर दिला तर दाणा चेपतो, खळगे मेणाने बुजतात, आणि पुढचा रंग बसायला जागाच उरत नाही. पेन्सिल नुसती घसरते. लाल गडद करायला जावं तर तो गडद होत नाही, फक्त चकचकीत होतो. त्या जागेवर मग काहीही चालत नाही.

म्हणून कागदाची निवड मी सर्वांत आधी करते. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा वॉटरकलर पेपर मला सर्वांत आवडतो. ठशाच्या रेषा त्यावर स्वच्छ उमटतात आणि सात-आठ थर सहज बसतात. कोल्ड-प्रेस कागदाचा दाणा मोठा असतो. त्यावर रेषा तुटक येते आणि रंगात पांढरे ठिपके राहतात. स्टेशनरीच्या दुकानातली आयव्हरी शीटही चालते, पण तिच्यावर तीन-चार थरांतच पेन्सिल घसरायला लागते. कळी किंवा पणतीसारख्या छोट्या ठशाला ती पुरते, या फुलाला नाही. चकचकीत आर्ट कार्ड मात्र घेऊच नये. त्यावर शाई सुकत नाही आणि पेन्सिल धरत नाही.

शाईच्या बाबतीत दोन प्रश्न विचारायचे : ती किती वेळात सुकते, आणि पेन्सिलीचा रंग पसरवायला नंतर वापरायच्या द्रावकाने विरघळते का. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर सुकते. पिगमेंट शाई वरच्या थरात राहते. तिने बारीक रेषा सुरेख येतात, पण सुकायला वेळ लागतो. दिवाळीची कार्डं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायला घेतली तर कोकणात आणि मुंबईत हवेत तेव्हाही ओल असते. पिगमेंट शाई वापरायची असेल तर ठसे आदल्या दिवशी उमटवून ठेवावेत. शाई ओली असताना पिवळी पेन्सिल रेषेला लागली तर काळा रंग पिवळ्यात ओढला जातो आणि केसराची टोकं शेवाळी हिरवी दिसतात. हा डाग खोडरबराने निघत नाही. नवी शाई असली की मी कागदाच्या तुकड्यावर ठसा मारते, सुकू देते, रंगवते आणि वरून द्रावक फिरवून बघते. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नये.

नवा पारदर्शक स्टॅम्प शाई नीट धरत नाही. तिचे थेंब जमतात. त्यावरून मऊ खोडरबर हलक्या हाताने एकदा फिरवला की पृष्ठभाग शाई धरायला लागतो. स्टॅम्प पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच स्टॅम्पवर टपटप टेकवायचा, म्हणजे शाई सारखी लागते आणि कडांना साचत नाही. कागदाखाली दोन मिलिमीटर जाडीची फोमशीट ठेवायची. स्टॅम्प चिकटवलेला अॅक्रिलिकचा ठोकळा सरळ खाली आणायचा, न डोलवता पाच सेकंद दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. डोलवला तर कडेच्या पाकळीला दुहेरी रेषा येते. स्टॅम्प जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट असेल तर अर्धवट उमटलेल्या ठशावर नेमका पुन्हा ठसा मारता येतो. इतक्या मोठ्या चित्राला ती चौकट फार कामाची. काम झाल्यावर स्टॅम्प पाण्याने धुवून, उन्हापासून दूर ठेवायचा; उन्हात फोटोपॉलिमर पिवळा पडतो.

पेन्सिली दोन जातींच्या. मेणाच्या मऊ असतात, रंग भराभर देतात, पण टोक लवकर बोथट होतं आणि गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय येते. ते मेण वर आलेलं असतं. मऊ कापडाने पुसलं की जातं. तेलाच्या पेन्सिली थोड्या कडक असतात, टोक टिकतं, साय येत नाही. बारीक रेषांच्या ठशाला मी तेलाच्याच घेते. या फुलासाठी फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस मालिकेतल्या नऊ पुरल्या : पिवळी १०७, लाल १२१ आणि २१९, गडद लाल २२५, हिरव्या १७०, १६७ आणि १६५, शिवाय करड्या २७० आणि २७२. शाळेच्या खोक्यातल्या पेन्सिलींत रंगद्रव्य कमी असतं. त्यांनी पहिला थर चांगला बसतो, पण द्रावकाने त्या फारशा पसरत नाहीत.

रंगवायला घेताना आधी उजेड कुठून येतो ते ठरवायचं आणि कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून ठेवायचा. माझा उजेड वरच्या डाव्या बाजूने. हा बाण नसला की तिसऱ्या पाकळीपर्यंत सावल्या उलटसुलट होतात.

सुरुवात केसरदंडाने. या पेन्सिलींचा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे लालावर पिवळा दिसत नाही. म्हणून १०७ ने दंड आणि टोकाचे बारीक ठिपके आधी भरायचे आणि लाल त्यांच्या कडेपर्यंतच आणायचा.

आता एक पाकळी. पेन्सिलीला लांब, अणकुचीदार टोक करायचं आणि ती मागून, अगदी शेवटाजवळ धरायची. तशी धरली की जोर देताच येत नाही. हात हलका ठेवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पहिल्यांदा २२५. फुलाच्या गळ्यातून बाहेरच्या दिशेने छोटे फटकारे, पाकळीच्या एक-तृतीयांशापर्यंत. प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी पेन्सिल उचलत न्यायची, म्हणजे रेघ विरत जाते. फटकारे पाकळीच्या शिरांच्या दिशेने जायला हवेत, आडवे गेले तर पाकळी सपाट दिसते. नंतर २१९, गळ्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत, आधीच्या रंगावरून जाऊन थोडं पुढे. मग १२१ ने बारीक गोल फिरवत संपूर्ण पाकळी, फक्त उजेडाकडच्या घडीवर चार-पाच मिलिमीटरची जागा कोरी सोडून. या टप्प्याला पाकळी फिकट आणि दाणेदार दिसते. ती तशीच दिसली पाहिजे. इथेच धीर सुटतो आणि हात दाबला जातो. माझे तीनही ठसे याच जागी बिघडले.

तोच क्रम पुन्हा एकदा, आणि गळ्यात हवं तर तिसऱ्यांदा. गळा अजून खोल दिसावा म्हणून काळा लावायचा नाही. काळ्याने लाल मळकट होतो. त्याऐवजी गडद हिरवी १६५ गळ्याच्या अगदी आत दोन-तीन फटकारे आणि वरून २२५. लाल आणि हिरवा एकमेकांना गडद करतात, तरी रंग जिवंत राहतो. पानांच्या सावलीत हेच उलट : १७०, १६७, १६५ असा क्रम आणि मधल्या शिरेच्या खाली २२५ चा हलका हात.

पेन्सिलीची भुकटी पडत राहते. ती हाताने पुसायची नाही, मऊ ब्रशने झटकायची. तळव्याखाली कोरा कागद ठेवायचा.

सगळे थर बसले की द्रावक. वास नसलेलं मिनरल स्पिरिट, गॅमसॉल त्यातलंच, आणि कागदाची गुंडाळलेली कांडी म्हणजे पेपर स्टम्प. झाकणात चार-पाच थेंब घ्यायचे, कांडीचं टोक बुडवायचं आणि टिश्यूवर टिपून घ्यायचं. टोक ओलसर हवं, ओलं नको. द्रावक पेन्सिलीतलं मेण-तेल सैल करतो आणि रंग खळग्यांत उतरतो. पांढरे ठिपके नाहीसे होतात, तीन लाल एकमेकांत मिसळतात. छोट्या गोलांत फिकट भागाकडून गडदाकडे जायचं. उलट गेलं तर गळ्यातला गडद रंग सोडलेल्या कोऱ्या जागेवर ओढला जातो. लाल आणि हिरव्यासाठी कांड्या वेगळ्या. मळलेलं टोक बारीक सँडपेपरवर घासून साफ करायचं.

कांडी जास्त ओली झाली तर रेषेबाहेर तेलकट कडं पसरतं. मिनरल स्पिरिट उडून जातं, त्यामुळे कडं बरेचदा तासाभरात विरतं, पण त्यासोबत रंग बाहेर गेला असेल तर तो राहतो. बेबी ऑइल वापरणारे आहेत. ते उडत नाही, कागदात राहतं आणि मागच्या बाजूला डाग उमटतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचा वास कार्डाला कितीतरी दिवस येत राहतो. कुठलंही द्रावक असो, खिडकी उघडी ठेवायची आणि जवळ गॅस, उदबत्ती किंवा समई नको.

पंधरा-वीस मिनिटं सुकू दिल्यावर वरून पुन्हा रंगवता येतं, कारण दाणा अजून शिल्लक असतो. आता अगदी तीक्ष्ण टोकाच्या २२५ ने पाकळीच्या शिरा आणि एकावर एक आलेल्या पाकळ्यांमधली फट. फुलाच्या उजव्या-खालच्या कडेने २७२ ची अरुंद सावली आणि तिच्या बाहेर २७० विरत जाणारी. ही सावली दिली की फूल कागदावरून उठतं. दाबून चकाकी आणायचीच असेल तर ती सर्वांत शेवटी. परागांवरचे पांढरे ठिपके जेल पेनचे. मेणावर पेन अडतं, तेव्हा दुसऱ्या कागदावर गिरवून टोक मोकळं करायचं.

एका फुलाला मला दीड तास लागतो. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन नाताळचं पहिलं छापील कार्ड विक्रीला आणलं, तेव्हाही कामाची वाटणी हीच होती : रेषा दगडी छापाच्या, रंग हाताने भरलेले. हजार प्रती होत्या, एक शिलिंगला एक. हजार कार्डांचं रंगकाम किती हातांनी केलं असेल, हा विचार रंगवताना हमखास येतो.

कार्डाची घडी पाहू. ३०० जीएसएमचा ए-फोर कागद मधोमध कापला की २१० × १४८.५ मिलिमीटरचा तुकडा मिळतो. १०५ मिलिमीटरवर रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाबायची आणि मग दुमडायचं. आधी तुकडा दोन्ही दिशांनी हलकाच वाकवून बघावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेची घडी स्वच्छ येते. विरुद्ध दिशेला कागद घडीवर फुटतो. रंगवलेला भाग ९५ × १३८ मिलिमीटरला कापला की चारी बाजूंना पाच मिलिमीटरची समास राहते. तो दुहेरी टेपने चिकटवायचा, पातळ गोंदाने कार्ड वाकतं.

फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का करणारा फवारा, हवं असेल तर गच्चीवर, तीस सेंटिमीटरवरून दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकवून. ते मारलं तरी रंगाच्या बाजूवर बटर पेपरचा तुकडा ठेवूनच कार्ड सी-सिक्स या मापाच्या पाकिटात घालते. पत्ता मात्र पाकीट रिकामं असतानाच लिहायचा. आत कार्ड असताना बॉलपेनचा दाब पडला, तर पत्त्याची अक्षरं लाल पाकळीवर उठतात.