रेक्समचा ऑनर्स बोर्ड: एकोणीस वेळा १९, एक चुकलेला १९२० आणि बोर्डाची मागची बाजू

तर मंडळी, बोर्डाचं काम निम्म्याच्या पुढे गेलंय. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, शाळेत हेडमास्तरांच्या ऑफिसबाहेर दहावीत पहिल्या आलेल्यांचा लाकडी बोर्ड असतो ना, वर्ष आणि नाव सोनेरी रंगात, तसलाच बोर्ड मी रेक्सम या वेल्समधल्या, पण इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या फुटबॉल क्लबचा करतोय, घरच्या बाल्कनीत आणि अख्खा देवनागरीत. ४ बाय २ फुटांचा १२ एमएम प्लाय, किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेला. लाल ऑइल पेंट, अक्षरं सोनेरी.

रेक्समच का, तर मी जुना जाणता फॅन आहे असं सांगायला आवडलं असतं पण तसं काही नाहीये. २०२१ मध्ये रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या हॉलिवूडच्या नटांनी क्लब घेतला तेव्हा सगळ्या जगाबरोबर मी पण त्या दारातून आत शिरलो. फरक इतकाच की बाकीचे सध्याच्या टीममध्ये रमले आणि मी जुन्या आकड्यांत अडकलो. आणि ग्राउंडच्या नावाचा मला जो आनंद होतो तो फक्त मराठी माणसालाच कळेल. रेसकोर्स ग्राउंडला वेल्शमध्ये काए रास म्हणतात, काए म्हणजे मैदान, पण त्यांचा उच्चार जवळजवळ 'काय' होतो. काय रास! आता बोला, मेष की वृषभ. १८७७ मध्ये वेल्सची घरची पहिली इंटरनॅशनल मॅच इथेच झाली आणि आजही इथे इंटरनॅशनल होतात, इतकं जुनं आणि अजून वापरात असलेलं इंटरनॅशनल मैदान जगात दुसरं नाही.

मथळा

वर मोठ्या अक्षरांत 'रेक्सम' आणि खाली 'स्थापना १८६४'. या एका ओळीनेच दोन संध्याकाळी खाल्ल्या कारण जुन्या कागदांत स्थापना १८७० च्या दशकातली दिसते. क्लब स्वतःच अनेक वर्षं तसं मानायचा, १९७२-७३ च्या सुमारास शंभरी पण साजरी करून मोकळे झाले, आणि मग जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोंदींवरून कळलं की १८६४ च्या ऑक्टोबरमध्येच टर्फ हॉटेलात क्रिकेट क्लबच्या लोकांनी हिवाळ्यात काहीतरी खेळायला हवं म्हणून हा उद्योग सुरू केला होता. म्हणजे वयाची एकशे आठ वर्षं झाल्यावर शंभरावा वाढदिवस. आमच्याकडे आजीच्या जन्मतारखेचा असाच घोळ होता, दाखल्यावर एक आणि आत्याच्या आठवणीत वेगळीच.

लेटरिंगचं सांगतो. आधी सुताला खडू लावून रेघा मारल्या, एका टोकाला खिळा, दुसरं टोक बायकोच्या हातात, मधे चिमटीत धरून सोडायचं, टप्प. मग खडूनेच आकडे काढून वर ब्रश. पहिले चार आकडे बघून आई म्हणाली, 'ही कुणाची वर्षं? कोण गेलं?' दहावीच्या बोर्डाचा विषय काढला तेव्हा कुठे तिला पटलं, पण मग पुढचा प्रश्न, 'यात तुझं नाव कुठाय?'

तेवीस वर्षं

बोर्डाचा मोठा भाग वेल्श कप, म्हणजे वेल्सची नॉकआउट स्पर्धा, त्यानेच जातो. २३ वेळा जिंकलाय, एवढा कुणीच जिंकलेला नाही, कार्डिफ सिटी २२ वर आहे. सगळी वर्षं इथे देतोच, ज्यांना आपापल्या वहीशी ताडून बघायचंय त्यांनी बघा: १८७८, १८८३, १८९३, १८९७, १९०३, १९०५, १९०९, १९१०, १९११, १९१४, १९१५, १९२१, १९२४, १९२५, १९३१, १९५७, १९५८, १९६०, १९७२, १९७५, १९७८, १९८६, १९९५.

आता गंमत बघा. यातली चार वर्षं अठराशेतली. उरली किती? एकोणीस. म्हणजे मला '१९' बरोब्बर १९ वेळा रंगवायचा होता. ज्याने कधी ब्रश धरलाय त्याला कळेल, १ आणि ९ दोन्ही गोल गाठीचे, दोन्हीला खाली शेपूट, फक्त तोंडं उलटी. १ ची गाठ मला एका दमात येते, ९ ची येत नाही, मनगट उलटं वळवावं लागतं आणि रंग खालच्या वळणावर साचतो. पहिले पाच-सहा ९ पोट सुटलेले आलेत, १९०३ पासून १९११ पर्यंत नीट बघितलं तर दिसेल, १९२४ नंतर हात बसला. तसेच ठेवलेत, पुसणार नाही.

एक मात्र पुसावा लागला. १९२१ च्या जागी १९२० काढून बसलो, तेही सोनेरीत, आणि वाळल्यावर लक्षात आलं. दुसरी कुठलीही चूक चालली असती हो, पण १९२० ची फायनल रेक्सम कार्डिफकडून २-१ ने हरलेत! म्हणजे मी रेक्समच्या बोर्डावर कार्डिफचा कप लिहून ठेवला. टर्पेंटाइनने घासायला गेलो तर सोनेरीबरोबर खालचा लाल पण निघाला, प्रायमर दिसायला लागला, मग तेवढ्याच तुकड्याला घासपेपर, परत प्रायमर, परत लाल दोन हात. तो चौकोन अजून थोडा जास्त चमकतो. उजेड तिरका पडला की कार्डिफ दिसतं.

पहिल्या कपाची गोष्ट मला फार आवडते. १८७८ ला पहिलीच वेल्श कप फायनल, ॲक्टन पार्कात, ड्रुइड्सला १-० हरवलं, आणि जिंकले खरे पण द्यायला कपच नव्हता, असोसिएशनकडे तो घ्यायला पैसेच नव्हते, नंतर मिळाला. आपल्याकडे गल्लीतल्या टूर्नामेंटला हेच चालतं, 'ट्रॉफी पुढच्या रविवारी देतो'. आणि शेवटचं वर्ष १९९५, कार्डिफलाच २-१ हरवून, बरं वाटलं लिहिताना. त्यानंतर इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्श क्लबना त्या स्पर्धेतून बाहेर काढलं, त्यामुळे आकडा २३ वर गोठला.

बाकीची समोरची बाजू

हे भरभर झालं. थर्ड डिव्हिजन चॅम्पियन १९७८, आर्फन ग्रिफिथ्स प्लेयर-मॅनेजर असताना, त्याच सीझनला वेल्श कप, एफए कप आणि लीग कप या इंग्लंडच्या दोन्ही मोठ्या कपांची क्वार्टर फायनल, या एका वर्षाला खरं तर वेगळा बोर्ड हवा. एफएडब्ल्यू (म्हणजे वेल्सची फुटबॉल असोसिएशन) प्रीमियर कप पाच वेळा, १९९८, २०००, २००१, २००३, २००४, हा एका ओळीत कोंबला, त्याचं कुणाला फार कौतुक असेल असं वाटत नाही.

मग एलडीव्ही व्हॅन्स ट्रॉफी २००५, खालच्या डिव्हिजनच्या क्लबची कप स्पर्धा. १० एप्रिलला कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये साउथएंडला एक्स्ट्रा टाइममध्ये २-० हरवलं. आणि त्याच सीझनला रेलिगेट झाले! क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या कारवाईत) गेला म्हणून दहा पॉइंट कापले होते, मैदानावर कमावले ५३, टेबलात दिसले ४३, ते दहा असते तर वाचले असते. ट्रॉफी कपाटात, टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये. बोर्डावर मात्र '२००५' एवढंच दिसणार, एकदम ऐटीत.

एफए ट्रॉफी (लीगबाहेरच्या क्लबची स्पर्धा) २०१३, क्लब पहिल्यांदा वेम्बलीवर खेळला, ग्रिम्सबीशी १-१ आणि पेनल्टीवर ४-१. नॅशनल लीग, म्हणजे पाचवी डिव्हिजन, २०२३, १११ पॉइंट, ११६ गोल, आणि दोन नंबरच्या नॉट्स काउंटीचे पण १०७, म्हणजे जवळजवळ कुठल्याही दुसऱ्या वर्षी ते चॅम्पियन झाले असते. त्यांच्याविरुद्धची ३-२ वाली मॅच, निवृत्तीतून परत आलेल्या बेन फॉस्टरने शेवटच्या क्षणी पेनल्टी अडवली ती, तारीख काय? १० एप्रिल. एलडीव्ही ट्रॉफीवाल्या दिवसाला बरोब्बर १८ वर्षं. हे मला रंगवताना सापडलं, रात्री पावणेबाराला, आणि घरात सांगायला कुणी जागं नव्हतं.

इथे पहिली खरी अडचण आली. २०२३, २०२४, २०२५ अशी ओळीने तीन प्रमोशन, इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच डिव्हिजनमध्ये हे आधी कुणीच केलेलं नाही. पण त्यातलं चॅम्पियनपद एकच! २०२४ ला स्टॉकपोर्टच्या मागे दुसरे, २०२५ ला बर्मिंगहॅमच्या मागे दुसरे, आणि बर्मिंगहॅमचे पॉइंट किती, तर १११. स्वतःचाच आकडा समोरून अंगावर आला. आता ऑनर्स बोर्डावर दुसरा नंबर लिहायचा का? शाळेच्या बोर्डावर दुसऱ्याचं नाव नसतं. मी अख्खा आठवडा त्या जागेवर काहीच लिहिलं नाही, शेवटी २०२३ सोनेरीत आणि बाकी दोन पांढऱ्यात काढले. कुणाला पटत नसेल तर सांगा, पांढरा रंग पुसायला सोपा आहे.

मागची बाजू

समोरची बाजू भरली आणि बघत बसलो तर लक्षात आलं की मला ज्या मॅचेसमुळे हा क्लब आवडतो त्यातली एकही समोर नाहीये.

४ जानेवारी १९९२, एफए कप, आर्सेनल. आर्सेनल आदल्या सीझनचे चॅम्पियन आणि रेक्सम त्याच सीझनला चौथ्या डिव्हिजनमध्ये तळाला, म्हणजे ९२ क्लबच्या यादीत पहिले विरुद्ध शेवटचे. आर्सेनल १-० पुढे, मग मिकी थॉमसची फ्री किक आर्सेनलचा गोलकीपर सीमनला चकवून आत आणि दोनच मिनिटांनी स्टीव्ह वॉटकिन. २-१. ट्रॉफी? शून्य. बोर्डावर जागा? नाही.

त्याहून भारी पोर्टो. हे नीट ऐका. वेल्श कपमध्ये सीमेजवळचे इंग्लिश क्लब पण खेळायचे, पण इंग्लिश क्लब जिंकला तर युरोपच्या कप विनर्स कपची जागा हरलेल्या वेल्श टीमला. १९८४ ला रेक्सम फायनल श्रूजबरीकडून हरले आणि म्हणून युरोपात गेले. चौथ्या डिव्हिजनची टीम, समोर पोर्तुगालची पोर्टो. घरी १-०. तिकडे पोर्टोने पहिल्याच हाफमध्ये तीन ठोकले, सगळं संपलं म्हणायचं, तर जेक किंगचे दोन, मग पोर्टोचा चौथा, आणि अगदी शेवटी बॅरी हॉर्न. ४-३ ने मॅच हरले, बेरीज ४-४, बाहेरच्या गोलवर (बेरीज सारखी असली की परक्या मैदानावर जास्त गोल केलेला पुढे) पुढे गेले. म्हणजे फायनल हरून युरोपात शिरले आणि मॅच हरून पोर्टोला बाहेर काढलं. आता हे 'विजेते' की 'उपविजेते' या कुठल्या रकान्यात घालायचं ते मला सांगा. १९७९ ला पण असंच झालं होतं, श्रूजबरीच, आणि १९९० ला हेरेफर्ड, तेव्हा तर पुढे मँचेस्टर युनायटेड समोर आली आणि तीच टीम कप घेऊन गेली. वेल्श कपच्या २२ फायनल हरलेत, त्यातल्या निदान या तीन तरी फुकट नाही गेल्या.

म्हणून प्लाय उलटा केला. मागे लाल नाही, नुसतं पॉलिश, आणि काळ्या रंगात बारीक अक्षरं. आत्तापर्यंत लिहिलंय ते असं. हार्टलपूल्स १०-१, ३ मार्च १९६२, एका मॅचमध्ये तीन वेगळ्या खेळाडूंची हॅटट्रिक, विन डेव्हिस, रॉय ॲम्बलर आणि रॉन बार्न्स. त्याच्या बरोब्बर खाली ब्रेंटफर्ड ०-९, १५ ऑक्टोबर १९६३, दोन वर्षं पण झाली नव्हती. लीगमधला सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठा पराभव एकमेकांना चिकटून बसलेत, मधे एक बोट पण जागा ठेवली नाही, मुद्दामच. आर्फन ग्रिफिथ्स ५९२ लीग मॅच. टॉमी बॅमफर्ड, १९३३-३४ मध्ये ४४ लीग गोल.

आणि केन रॉबर्ट्स. १९५१ मध्ये खेळला तेव्हा वय १५ वर्षं १५८ दिवस, २००८ पर्यंत फुटबॉल लीगमधला सगळ्यात लहान, पण एकटा नाही, १९२९ मध्ये अल्बर्ट गेल्डर्ड पण अगदी तेवढ्याच दिवसांचा होता. गेल्डर्ड कुठल्या क्लबकडून? ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू. रॉबर्ट्सची ती पहिली मॅच कुणाविरुद्ध? ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू. मी हे तीनदा तपासलं कारण असं कुणी गप्पांत सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, चल, काहीही फेकतो.

आता काय राहिलंय

टांगायचं कसं ते ठरलंय, वर दोन डोळे आणि नायलॉनची दोरी, म्हणजे हवं तेव्हा फिरवता येईल. हार्डवेअरवाल्याने दिलेले डोळे १२ एमएमला लांब पडले, स्क्रूचं टोक समोर आलं आणि १८९३ च्या ३ ला बारीक टवका गेला, तो भरायचाय.

मागे अजून एक ओळ राहिलीय, सर्वाधिक गर्दीची. २६ जानेवारी १९५७, एफए कप, मॅनेजर मॅट बस्बीच्या तरुण पोरांची मँचेस्टर युनायटेड आली होती, रेक्सम ०-५ हरले आणि बघायला ३४,४४५ माणसं. चाराचा आकडा तीनदा. ९ पेक्षा ४ बरा, दोन फराट्यांत होतो, फक्त खालची गाठ जुळायला हवी. रविवारी ऊन असेल तर करतो.