सहा टिंबांची शिकवणी

अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेच्या ब्रेल लिप्यंतर वर्गाला मी वर्गणी देतो, आणि ती पुस्तकांच्या छपाईऐवजी प्रशिक्षणावरच खर्च व्हावी असा माझा आग्रह असतो. कारण साधे आहे: संगणक मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करून देतो, पण तक्ता, गणित किंवा तळटीप आली की जाणत्या माणसावाचून पान उभे राहत नाही.

१९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सामाईक ब्रेल लिपीत, मराठी लिहिताना डोळस माणसाची सवयच आडवी येते. ‘विद्या’ या शब्दातली वेलांटी छापील अक्षरात व्यंजनाआधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र ती नंतर उमटते. उलट जोडाक्षरातले हलन्ताचे (पाय मोडल्याचे) चिन्ह ‘द’च्या आधी येते, त्यामुळे हा शब्द सहा घरे (सहा टिंबांच्या चौकटी) व्यापतो. (वर्गात शिकायला बसलो त्या पहिल्याच दिवशी मी तो पाच घरांत बसवला होता.) ब्रेलच्या पाटीवर टोचणीने लिहायचे तर उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे, कारण टिंबे कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतात.

हे अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि तेवढा काळ शिकवणाऱ्याला मानधन, शिकणाऱ्याला जाड कागद लागतो. मुद्रितशोधन अंध वाचकाच्या बोटांनीच व्हावे, आणि त्या कामाचेही पैसे द्यावेत, असे मी संस्थेला कळवले आहे.