शेंदरी गाडीचे अकरा हिवाळे

काल रात्री जेवणं आटोपल्यावर गॅरेजमध्ये गेले, गाडी मागून जॅकवर घेतली आणि डावं चाक हाताने फिरवून बघितलं. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायची. बेअरिंग गेलेलं असेल तर कानाला काही कळायच्या आधी बोटांना बारीक खरखर लागते. लागली. दोन आठवडे ताशी ५५ मैलांच्या पुढे मागून घोंगावल्यासारखं येत होतं, त्याचा उलगडा झाला. वहीत लिहिलं: १,०८,४०० मैल, मागचं डावं व्हील बेअरिंग.

ही वही २०१४ च्या ऑक्टोबरपासूनची आहे. त्या महिन्यात मी इथे न्यू जर्सीत २०१३ ची सायन एफआर-एस सेकंडहँड घेतली, १४,००० मैल चाललेली. कंपनीने त्या रंगाला ‘हॉट लाव्हा’ असं नाव दिलं होतं. व्हिडिओवर आईला दाखवली तर ती म्हणाली, “अगं, ही तर शेंदरी!” त्या दिवसापासून आमच्याकडे तिला शेंदरीच म्हणतात.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केलेली ही दोन दारांची कूपे. बनायची जपानमध्ये, सुबारूच्या गुन्मा इथल्या कारखान्यात. इतर देशांत ती टोयोटा ८६ किंवा जीटी८६ म्हणून विकली गेली, अमेरिकेत सायनच्या नावाने. २०१६ मध्ये सायन हा ब्रँड बंद झाला आणि इथेही ती टोयोटा ८६ झाली. इंजिन दोन लिटरचं बॉक्सर, म्हणजे चार सिलिंडर उभे नसून आडवे, दोन-दोन समोरासमोर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६. ताकद २०० हॉर्सपॉवर, वजन साधारण १,२५० किलो. कागदावर २०० हा आकडा कुणाला फार वाटत नाही. पण इंजिन इतकं खाली बसवलेलं आहे की पहिल्या वळणाला गाडी नुसती वळत नाही, आपल्या कमरेभोवती फिरते. मी त्या वळणासाठी ती घेतली. आणि उभी असताना इंधनाच्या हाय-प्रेशर पंपाचा जो किरकिर आवाज येतो, त्याला इथले मालक रातकिडे म्हणतात. मला तो आवाज आवडतो.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचा लेथ होता. चौथीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायचे, तयार नग व्हर्नियरने मोजून वहीत माप लिहायचं काम माझ्याकडे. गाडीची वही ठेवायची सवय तिथली.

आणि तरीही पहिल्या वर्षी मी सगळं उलट केलं. आधी सायलेन्सर बदलला, मग मागे पंख बसवला, मग कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर) घालून गाडी दीड इंच खाली आणली. पगार नवा होता, उत्साह फार होता. आज त्यातलं काहीही गाडीवर नाही, फक्त तेव्हा घेतलेली हलकी चाकं राहिली आहेत. सायलेन्सरचं सांगायचं तर सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असतं, आणि नेमकं तिथेच त्या पाइपाची घरघर डोक्यात बसायची. तासाभराचा प्रवास झाला की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांत मूळचा सायलेन्सर परत लावला.

गाडी खाली आणण्याचा हिशोब मात्र मोठा निघाला. मागच्या सस्पेन्शनला डबल विशबोन आहे, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, गाडी खाली बसली की चाकांचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकतो. वरून बघितलं तर टायर छान दिसायचे. त्या टायरांवर ९,००० मैल झाल्यावर चाकं अदलाबदल करायला काढली तर आतल्या कडेला तारा दिसत होत्या, बाहेरच्या कडेला नक्षी जवळजवळ नवी. त्या टायरांवर मी आदल्याच आठवड्यात पावसात पेनसिल्व्हेनियापर्यंत जाऊन आले होते. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. एक भाग बदलला की त्याच्या शेजारच्या भागाचं गणित बदलतं, आणि ते नवं गणित कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते आपणच मांडायचं आणि आपणच तपासत राहायचं. मागचे खालचे आर्म ॲडजस्टेबल घेतले, चाकांचे कोन जुळवून (अलाइनमेंट) घेतले, टायर सरळ झिजायला लागले.

मग मीठ. इकडे बर्फ पडायच्या आधी आणि पडल्यावर रस्त्यावर मीठ टाकतात. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला मीठ लोखंडाचं काय करतं ते ऐकून माहीत असतं, बघितलेलं नसतं. कॉइलओव्हरला गाडीची उंची कमीजास्त करायला लांबच लांब आटे असतात, त्यावर ॲल्युमिनियमची कॉलर फिरते. तीन हिवाळ्यांनंतर उंची वाढवायला गेले तर कॉलर हलेना. आट्यांत पांढरी भुकटी घट्ट बसलेली. गंज सोडवणारं सोल्युशन मारलं, हीट गन लावली, पान्याला पाइप घालून जोर लावला, शेवटी छन्नी-हातोडा घेतला आणि कॉलरचा कान तुटून हातात आला. बाबांना फोन लावला. त्यांनी कॅमेऱ्यात नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, “बसवताना आट्यांना काय लावलं हुतंस?”

काही लावलं नव्हतं.

त्यानंतर मी कॉइलओव्हर काढूनच टाकले. आता साधे, मूळ मापाचे पण थोडे कडक शॉकॲब्सॉर्बर आणि १५ मिलिमीटर खाली बसणाऱ्या स्प्रिंगा आहेत. आटेच नाहीत, त्यामुळे गंजायला आटे नाहीत. दर नोव्हेंबरला गाडी चारी बाजूंनी उचलून खालून धुते, दोन दिवस वाळू देते आणि जोडांना, बोल्टांना, पोकळ भागांत लॅनोलिनचा थर देते. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. गॅरेजभर आठवडाभर धनगरवाड्यावर गेल्यासारखा वास येतो. पण गेली सात वर्षं खालचा प्रत्येक बोल्ट पान्याने सुटतो आहे.

ब्रेकचा धडा मिलव्हिलला मिळाला. तिथे न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, त्यातला थंडरबोल्ट हा ट्रॅक सव्वादोन मैलांचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिथे गेले. चौथ्या फेरीत लांब सरळ पट्टा संपताना पाय दाबला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. दोनदा-तीनदा पटापट पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, गाडी कशीबशी वळणात बसली. शेजारच्या प्रशिक्षकाने शांतपणे हाताने आत यायची खूण केली. कारण साधं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं झालं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापला की त्यातल्या ऑइलमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. माझं ऑइल दोन वर्षं बदललेलं नव्हतं. त्याच महिन्यात मी कॅलिपरना लाल रंग दिला होता. मोठे कॅलिपर मी आजही घेतलेले नाहीत. चांगले पॅड, स्टीलच्या जाळीचे होज आणि दर एप्रिलला ताजं ऑइल, एवढ्यावर तोच ट्रॅक मी पुन्हा सहा वेळा केला आणि पेडल दगडासारखं राहिलं.

केलेल्या बदलांपैकी ज्याचा मला मनापासून आनंद आहे तो २०१७ चा: हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पहिले पाइप) आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग. या इंजिनात ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान टॉर्क, म्हणजे इंजिनाची खेच, खचतो. रॅम्पवरून महामार्गाला लागताना नेमका तिथेच तो हवा असतो. धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, ते कायद्यात बसत नाही आणि मागच्या गाडीतल्या माणसाने माझा धूर का गिळावा? म्हणून कन्व्हर्टरसकट येणारा हेडर शोधला, थोडा महाग पडला. ९३ ऑक्टेनवर ट्यून केल्यावर तो खड्डा जवळजवळ बुजला. पहिल्यांदा रॅम्पवर चढले तेव्हा गिअर खाली न टाकता गाडी खेचत गेली आणि मी एकटीच मोठ्याने “अरे वा!” म्हणाले.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये २०१३ च्या मॉडेलांसाठी व्हॉल्व्ह स्प्रिंगचं रिकॉल आलं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. काम मोठं: इंजिन गाडीबाहेर काढायचं, पुढचं कव्हर आणि कॅमशाफ्टचे कॅरियर उघडायचे, स्प्रिंगा बदलायच्या आणि सगळे जोड पुन्हा सीलंटने बंद करायचे. मी दोन महिने विचार केला आणि गाडी दिली. देण्यापूर्वी माझा हेडर काढून मूळचा लावला, म्हणजे काम करणाऱ्याला पुस्तकाप्रमाणे काम करता यावं. नवे स्पार्क प्लगही सोबत दिले. बॉक्सरमध्ये प्लग दोन्ही बाजूंना, हेड आणि चेसिसच्या मधल्या बोळात असतात, गाडीत इंजिन असताना ते बदलणं म्हणजे मनगट सोलून घेणं. इंजिन बाहेर असताना दहा मिनिटांचं काम. क्लचचं रिलीज बेअरिंगही तेव्हाच बदलून घ्यायला हवं होतं. पैसे वाचवायला म्हणून नको म्हटलं, आणि २०२१ मध्ये ७६,००० मैलांवर तेच बेअरिंग चिवचिवायला लागलं. मग गिअरबॉक्स स्टँडवर उतरवण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले.

गाडी परत आल्यावर इंजिन छान चालत होतं. पण काही मालकांची इंजिनं याच कामानंतर काही शे मैलांत गेल्याचं मी वाचलं होतं. जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. झोप लागेना. ३०० मैल झाल्यावर गाडी स्टँडवर घेतली, ऑइल काढलं आणि इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडायला घेतलं. त्याला गॅस्केट नसतं, नुसत्या सीलंटवर चिकटलेलं असतं. पातळ पट्टी एका कोपऱ्यातून सरकवत सरकवत, पत्रा वाकणार नाही असं बघत, पाऊण तासाने ते सुटलं. पाठीवर झोपून टॉर्च वर धरला. जाळीवर राखाडी रंगाचे दोन तुकडे होते, एक भाताच्या शितासारखा, दुसरा बोटाच्या पेराएवढा लांब, शेवईसारखा. चिमट्याने काढले. जाळी पेट्रोलने धुतली, चेंबर पुसलं, नवं सीलंट पिळताना त्याची रेघ तीन मिलिमीटरच्या वर जाणार नाही याची काळजी घेतली. ते दोन तुकडे एका डबीत ठेवून कामाच्या टेबलावरच्या फळीवर ठेवले आहेत. रागावून वर्कशॉपला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. पण इंजिन आज ५०,००० मैलांनंतरही चालतं आहे.

त्या दिवसानंतर या इंजिनाशी माझं वागणं बदललं. २०२२ मध्ये ट्रॅकवर ऑइलचं तापमान १२५ अंशांच्या पुढे जाताना बघितलं, तेव्हा पुढे मोठा ऑइल कूलर लावायचा सोपा रस्ता होता. पण लांब होज, जास्त जोड, आणि जानेवारीत ऑइल गरमच होणार नाही. त्याऐवजी सुबारूच्या टर्बो इंजिनावर येणारा छोटा कूलर बसवला. त्यात ऑइल आणि रेडिएटरचं पाणी शेजारी-शेजारी वाहतं. उन्हाळ्यात पाणी ऑइलला थंड करतं, हिवाळ्यात पाणी लवकर तापतं आणि ऑइलला ऊब देतं. पुढच्याच वर्षी एका मित्राने सुपरचार्जरचा (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंप) किट निम्म्या किमतीत देऊ केला. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच साडेबाराला एक आहे. वर दाब वाढवायचा म्हणजे क्लच, इंधन, कूलिंग सगळं नव्याने मांडायचं. मी रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळी त्याला नाही सांगितलं.

गिअरच्या दांड्यावर पितळेचा नॉब आहे, तो बाबांनी केलेला. फोनवर त्यांनी विचारलं, “आटा कितीचा?” म्हटलं, बारा बाय सव्वा. “घेर?” माझ्या तळहाताचा फोटो पट्टीसकट पाठवला. ४३० ग्रॅमचा गोळा मावसभावाच्या बॅगेतून आला, वरून आरशासारखा, खाली मात्र त्यांनी मुद्दाम बारीक खाचा ठेवल्या होत्या, घामट हात घसरू नये म्हणून. पहिल्याच फेरीत दांड्यावर सरळ बसला, एकदाही अडकला नाही. त्याच दिवाळीत बाबांनी लेथ विकला. जानेवारीत सकाळी तो नॉब इतका गार असतो की पहिली पाच मिनिटं मी हातमोजा घालूनच गिअर टाकते.

तर आता बेअरिंग. नवा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगसकटचा भाग, आणून ठेवला आहे. चार बोल्ट मागून येतात, आणि अकरा हिवाळ्यांनी हब नकलमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या भागात, घट्ट बसवला असणार. बोल्टांना काल एक हात सोल्युशन मारलं, आज एक, उद्या एक. शनिवारी सकाळी काढायला घेईन. नवा बसवताना नकलच्या भोकाला आधी वायरब्रश, मग हलका ग्रीसचा हात, आणि चाकाचे नट १२० न्यूटन-मीटरला.