स्टॅटिक आयपी काहून पाहिजे?

मागच्या उन्हाळ्यात एक सेकंड हँड मिनी पीसी आणला, त्यात २ टीबीची एसएसडी टाकली आणि इमिच (गूगल फोटोजसारखं, पण आपल्याच मशीनवर चालणारं ॲप) चढवलं. घरचे सगळे फोटो घरच्याच मशीनवर, एवढाच विचार. गूगल फोटोजचं फुकटचं अनलिमिटेड १ जून २०२१ ला बंद झालं तेव्हापासून आमच्या घरात दर दोन महिन्यांनी "स्टोरेज फुल दाखवते रे" सुरू व्हायचं आणि आईचे १५ जीबी तर अर्धे गुड मॉर्निंगवाल्या फोटोंनीच भरलेले असायचे. घरच्या वायफायवर इमिच मस्त पळालं. मग पुण्याला ताईला लिंक पाठवली, तिकडे काहीच उघडेना.

मग सगळे करतात तेच मीही केलं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून एका ठरावीक दारावर, म्हणजे पोर्टवर, आलेलं घरच्या मशीनकडे वळवायचं), डकडीएनएसवर (घरच्या पत्त्याला फुकट नाव देणारी सेवा) नाव घेतलं, फायरवॉल उघडली, बंद केली, परत उघडली, रात्रीचे दीड वाजले आणि पोर्ट चेकर आपला "बंद आहे" वरच अडून. तीन रात्री मी स्वतःलाच मूर्ख समजत होतो. चौथ्या दिवशी राउटरचं स्टेटस पेज नीट वाचलं. वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला इंटरनेटचा पत्ता) १००.७४ ने सुरू होणारा, आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवर पार वेगळाच. हे पहिल्या पाच मिनिटांत बघायला पाहिजे होतं. तुम्हीही कुठलंही सेटिंग हलवायच्या आधी हेच बघा, दोन्ही आकडे सारखे नसतील तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागूच नका.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने (इंटरनेटच्या नियमांचा एक कागद) खास एका पब्लिक आयपीमागे अनेक घरं बसवण्यासाठी राखून ठेवलाय, या प्रकाराला सीजीनॅट म्हणतात. (काही प्रोव्हायडर तिथे १० ने सुरू होणारा आयपी देतात, मतलब तोच.) आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते, आणि त्यांचा मुख्य साठा ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपला. नंतर धंद्यात आलेल्या छोट्या प्रोव्हायडरने आणायचे कुठून? म्हणून एकाच पब्लिक आयपीवर बरीच घरं बसवतात आणि त्याचे ६५,५३६ पोर्ट आपसात वाटून देतात. आमच्या फ्लॅट स्कीमच्या चौकीदारासारखं आहे ते, आतून कोणी डबा मागवला तर डबेवाल्याला सोडतो, पण परस्पर कोणी आलं की "कोणाकडे?" आणि उत्तर नसलं की गेटवरूनच वापस. घरी कधीकधी उगाच सारखे कॅप्चा येतात त्याचंही हे एक कारण असतं, त्याच आयपीवर अजून कोण काय करतंय देव जाणे.

मग ज्यांच्याकडून इंटरनेट घेतलंय त्या केबलवाल्या भाऊंना फोन केला. म्हटलं स्टॅटिक आयपी पाहिजे, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा पब्लिक पत्ता.

"काहून पायजे? कॅमेरे लावले का?"

म्हटलं नाही, असंच, घरी सर्व्हर आहे.

"मंग काहाले पैसे घालवता? आता तर कॅमेऱ्यालेबी नाई लागत, ॲपवरच दिसते सारं."

रेट विचारला तर वर्षाचे अडीच हजार, वरून १८ टक्के जीएसटी, आणि त्यासाठी आधी बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल म्हणाले. मी चिडून फोन ठेवला. पण संध्याकाळी गच्चीवर कूलरच्या टाकीत पाणी सोडताना डोक्यात आलं की भाऊ बरोबरच तर बोलले. त्या कॅमेऱ्यांनाही हाच सीजीनॅट असतो ना, मग ते बाहेरून दिसतात कसे? कारण त्यांना बाहेरून कोणी फोन लावतच नाही, कॅमेरा स्वतःच आतून कंपनीच्या सर्व्हरला कनेक्शन लावून बसलेला असतो आणि आपलं ॲप त्याच सर्व्हरवरून बघतं. चौकीदार आतून जाणाऱ्याला अडवत नाही. पुढे मी जे जे केलं ते सगळं याच एका गोष्टीचं वेगवेगळं रूप होतं.

पहिले क्लाउडफ्लेअर टनेल. स्वतःचं डोमेन लागतं, बाकी फुकट, घरच्या मशीनवर त्यांचा छोटा प्रोग्राम चालवायचा, तो आतून कनेक्शन धरून ठेवतो. वीस मिनिटांत ताईच्या फोनवर फोटो दिसले, मी घरात नाचलोच. दोन दिवसांनी भाच्याच्या गॅदरिंगचा व्हिडिओ काही केल्या चढेना, ४१३ एरर, म्हणजे फाइल फार मोठी. फ्री प्लॅनमध्ये एका रिक्वेस्टला १०० एमबीची मर्यादा आहे आणि इमिचचं ॲप तेव्हा अख्खी फाइल एका रिक्वेस्टमध्ये पाठवायचं, व्हिडिओ होता ४०० च्या वर. शिवाय एचटीटीपीएसचं कुलूप त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, म्हणजे आपला डेटा तिथे एकदा मोकळा होतोच. ब्लॉगला किंवा होम असिस्टंटच्या (घरातले दिवे-पंखे सांभाळणारं सॉफ्टवेअर) पेजला चालेल, पण घरच्या फोटोंसाठी माझं मन मानेना. गूगलमधून काढून दुसऱ्याच्या दारातून फिरवायचे तर मग मेहनत कशाला केली?

नंतर टेलस्केल, आपल्याच मशीनचं खासगी जाळं (व्हीपीएन) करून देणारी सेवा. हे मला अजूनही सगळ्यात आवडतं, खाली वायरगार्डच (दोन मशीनमधला कुलूपबंद रस्ता) आहे, दोन्ही बाजू आतून बाहेर बोलतात आणि जमलं तर थेट एकमेकांना सापडतात, नाही जमलं तर त्यांच्या रिलेवरून जातं, आणि रिलेवर गेलं की व्हिडिओ अडखळतो. (गंमत म्हणजे टेलस्केलही आपल्या मशीनला १००.६४ वाल्याच पट्ट्यातला पत्ता देतं, त्यामुळे पहिले दोन दिवस कोणता आयपी कोणाचा हेच मला कळेना.) माझ्या लॅपटॉपवर, फोनवर अजून तेच आहे. पण आईच्या फोनवर वर किल्लीचं चिन्ह आलं की ती घाबरते, आणि तिचं बँकेचं ॲप व्हीपीएन चालू दिसला की कुरकुर करतं, मग ती बंद करते, मग मला फोन येतो. घरच्यांना "आधी हे चालू कर मग ते उघड" सांगितलं की समजा संपलं.

मधे आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तीपण करून पाहिली, कारण आमच्या कनेक्शनला ते येतं. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, त्यामुळे सीजीनॅटही नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये ते एक पोर्ट उघडलं, ताईच्या फोनवर जिओच्या सिमवर एका झटक्यात उघडलं. मी खुश. दुपारी तिचा मेसेज, ऑफिसच्या वायफायवर नाही उघडत. तिथे फक्त आयपीव्ही४, ते आयपीव्ही६ च्या पत्त्यावर पोचणारच कसं. आणि आमच्याकडे लाइट गेली, राउटर परत सुरू झाला की अख्खा प्रिफिक्सच (पत्त्याचा पुढचा भाग) बदलतो, तो डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) बदलायची स्क्रिप्ट लिहिली, पण नागपुरात मे महिन्यात लाइट किती वेळा जाते हे मी काय सांगू.

शेवटी मुंबईच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, महिन्याला साडेचारशे. हिशेबाने पाहिलं तर केबलवाल्या भाऊंच्या स्टॅटिक आयपीपेक्षा महागच पडतो, पण बिझनेस प्लॅनचा फरक धरला तर स्वस्त, आणि उद्या प्रोव्हायडर बदलला तरी काहीच हलवावं लागत नाही. व्हीपीएसला पब्लिक आयपी आहे, घरची मशीन आतून त्याला वायरगार्डने जोडलेली, कॉन्फिगमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जातं आणि चौकीदार आपल्याला विसरत नाही. हे टाकलं नाही आणि घरून काही गेलं नाही तर थोड्या वेळाने रस्ता बंद होतो आणि सकाळी उठून बघावं तर सगळं मेलेलं. व्हीपीएसवर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट मी ठेवतच नाही, ४४३ पोर्टवर आलेलं जसंच्या तसं टनेलमधून घरी ढकलतो आणि कुलूप घरच्या कॅडी या वेब सर्व्हरकडे उघडतं, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेटही तोच आणतो.

एका गोष्टीने मात्र अख्खा रविवार खाल्ला. एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरून कमांड द्यायची सोय) चालतंय, लॉगिनचं पान येतंय, पण फोटोंची पानं अर्धी येऊन लटकतात. मी टनेल व्हीपीएसच्या आयपीव्ही६ पत्त्यावर लावला होता. वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) सहसा १४२० असतो, तो नेहमीच्या १५०० मधून टनेलच्या वेष्टणाचे ८० वजा करून आलेला. पण आमचं कनेक्शन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत), त्यात ८ बाइट आधीच जातात, उरले १४९२, त्यातून ८० गेले की १४१२. म्हणजे माझं प्रत्येक मोठं पाकीट ८ बाइटने जाड होत होतं, लहान पाकिटं जात होती म्हणून एसएसएचला काही कळत नव्हतं. दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ लिहिला आणि सगळे फोटो धडाधड आले. आठ बाइटसाठी तर्री पोहे थंड झाले राव.

मेल सर्व्हरच्या नादी लागलो नाही. घरच्या कनेक्शनवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बहुतेक बंदच असतो आणि घरगुती आयपी आधीच ब्लॉकलिस्टमध्ये असतात, गेलेली मेल स्पॅममध्ये सडणार. एफयूपीचं, म्हणजे डेटाच्या मर्यादेचं, मात्र लक्षात ठेवा, आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी आणि त्यात अपलोडही मोजतात, पहिला बॅकअप बाहेर पाठवताना मी दोन हप्त्यांत तुकडे केले. आणि व्हीपीएसवर एसएसएचला पासवर्ड ठेवू नका, किल्लीच ठेवा, चालू केल्यावर तासाभरात लॉगमध्ये "रूट" (मशीनचं मुख्य खातं) नावाने दार ठोकणाऱ्यांची रांग दिसते.

प्लॅनच्या अटींमध्ये सर्व्हर चालवू नये असं बारीक अक्षरात आहेच. घरच्या पाच जणांचे फोटो म्हणजे धंदा नाही असं माझं मत, पण कोणी त्यावर दुकान थाटत असेल तर त्याने बिझनेस प्लॅनच घ्यावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (इडापिडा, रोगराई घेऊन जाणारा पुतळा) निघाली तेव्हा मी मनातल्या मनात "सीजीनॅट घेऊन जा गे मारबत" म्हणून घेतलं. ती बिचारी काही घेऊन गेली नाही. उलट पुढच्याच हप्त्यात आमच्या गल्लीत सिमेंट रोडसाठी खोदलं आणि फायबरच तुटली, तिथे ना टनेल कामाचा ना व्हीपीएस. दोन दिवसांनी भाऊ स्वतः जोडायला आले. राउटरजवळ ठेवलेला मिनी पीसी, त्याचा लुकलुकणारा निळा लाइट बघत म्हणाले, "हा डीव्हीआर होय का?"

म्हटलं, "हो, तसंच समजा."

त्यांनी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत छताकडे. "कॅमेरे कुठं हाये मंग?"