सुटलेलं शेत

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दल सरोवरासाठी आम्ही एक ओळ लिहितो: 'शिकारा फेरी, एक तास'. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारला पाण्यावर उतरलो आणि मधले काही तास सोडले तर संध्याकाळी सातपर्यंत तिथेच होतो. पंधरा प्रवासी, बहुतेक पुण्या-नाशिकचे, तिघं सत्तरी ओलांडलेले. टूर लीडर म्हणून मी. मुक्काम हाउसबोटीवर.

शिकाऱ्यात सहा जण मावतात, असं घाटावर सांगतात. मी चारच बसवतो, म्हणून चार शिकारे घेतले. चढताना पाय काठावर द्यायचा नाही, थेट मधल्या फळीवर ठेवायचा, नावाड्याचा हात धरायचा आणि लगेच बसायचं. एक जण चढून बसल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल उचलायचं नाही. जड माणसं मध्ये, हलकी टोकांना. लाइफ जॅकेट बहुतेकांच्या पाठीमागे उशीसारखं दाबलेलं असतं. ते अंगात घालून तिन्ही पट्टे लागले आहेत की नाहीत, हे मी हाताने ओढून पाहतो. शिवाय महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणून प्रत्येक शिकाऱ्यात एक तरी पोस्टपेडवाला बसेल, अशी वाटणी करतो.

दलच्या पाण्यावर भरणाऱ्या भाजीबाजाराला अंधारातच निघावं लागतं. जूनमध्ये श्रीनगरला साडेपाचच्या आत उजाडतं आणि तेव्हा बाजार भरात असतो. सातनंतर गेलात तर रिकाम्या होड्या परतताना दिसतात. हा घाऊक बाजार आहे. तलावातले शेतकरी निमुळत्या, छत नसलेल्या होड्यांतून माल आणतात, शहरातले व्यापारी होडीला होडी लावून भाव ठरवतात आणि माल होडीतून होडीत जातो. त्या दिवशी हाक नावाची पालेभाजी, मुळा, पालक, नवलकोल आणि काकडीचा पहिला तोडा होता. एक काकू नदरू, म्हणजे कमळाची देठं शोधत होत्या. त्यांचा खरा हंगाम शरदात सुरू होतो आणि थंडीभर चालतो; जूनमध्ये मिळाली तरी त्यांत ती चव नसते.

आमचे चारही शिकारे मी बाजाराच्या कडेला, एका रांगेत थांबवले. मध्ये घुसलं की छताचे दांडे होड्यांना अडकतात आणि तास-दीड तासात रोजची कमाई करायला आलेल्या माणसांचा वेळ जातो. फोटो कडेवरूनही चांगले येतात. होडीतून येणाऱ्या विक्रेत्याकडून केशर मात्र घेऊ नका. पहाटेच्या उजेडात रंगवलेले तंतू ओळखूच येत नाहीत.

न्याहारीनंतर गाडीने जुन्या शहरातल्या जडीबल भागात गेलो. पेपर माशेचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत चालतं. काम दोन हातांत वाटलेलं आहे. आकार घडवणारा तो सख्तसाज आणि रंगकाम करणारा तो नक्काश. प्रवाशांना नक्काशापाशीच बसायचं असतं, पण मी आधी सख्तसाजाकडे नेतो, कारण वस्तू टिकणार की नाही ते तिथे ठरतं. रद्दी कागद काही दिवस पाण्यात भिजवून दगडी उखळात कुटतात, त्यात तांदळाची खळ मिसळतात आणि तो लगदा साच्यावर थरांनी चढवतात. वाळल्यावर बारीक करवतीने मधोमध कापून साचा बाहेर काढतात आणि दोन्ही अर्धे भाग सरसाने पुन्हा जोडतात. मग कानशीने घासणं, सरस आणि खडूच्या भुकटीचा लेप, भाजक्या विटेच्या तुकड्याने घोटाई. त्यावर पातळ कागदाचे तुकडे चिकटवतात, म्हणजे लेपाला तडे जात नाहीत. एवढं झाल्यावर वस्तू नक्काशाच्या हाती जाते.

चुकतं ते वाळवण्यात. ढगाळ हवेत घाई केली की लगदा आतून ओला राहतो. वस्तू श्रीनगरच्या कोरड्या हवेत ठीक दिसते आणि पुण्याच्या पावसाळ्यात तिचं झाकण वाकतं. म्हणून गोल डबी घेताना झाकण बसवून पूर्ण एक फेरा फिरवायचं. एखाद्या जागी घट्ट आणि समोरच्या बाजूला सैल लागलं, तर ती डबी आत्ताच वाकलेली आहे. दुसरी तपासणी जोडाची: बोटाचं टोक कडेने फिरवलं की कापलेली रेघ जाणवता कामा नये. आज बऱ्याच वस्तू लाकडावर किंवा तयार पुठ्ठ्यावर रंगवलेल्या असतात. लाकडाची हातात घेताच जड लागते, पुठ्ठ्याची कड अंगठ्याने दाबली की किंचित आत जाते. त्या विकू नयेत असं नाही, पण किंमत लगद्याच्या वस्तूची लावू नये. फुलात फूल भरलेली 'गुल अंदर गुल' आणि असंख्य फुलांची 'हजारा' ही दोन नक्षीकामं शेजारी ठेवून पाहावीत. ब्रशची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते ते दिसलं, की छापील नक्षी लगेच वेगळी कळते.

दुपारी कुणीतरी पश्मिन्याची शाल अंगठीतून ओढून दाखवली. त्या खेळावर विसंबू नका, कुठलंही तलम कापड अंगठीतून जातं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं लेबल पाहा.

साडेतीनला पुन्हा शिकारे घेतले, चार चिनारच्या बेटाकडे जायला. निघताना झबरवान डोंगरांच्या माथ्यावर काळं दाटलेलं होतं, पण पाणी आरशासारखं. मे-जूनच्या दुपारी हेच फसवतं. मोकळ्या पाण्यात पाव अंतर गेलो असू, तोच पुढच्या शिकाऱ्याचे नावाडी चाचा वल्हं आडवं धरून थांबले. "साब, हवा आ रही है, वापस नहीं, अंदर चलो." घाट लांब होता, त्यामुळे मागे फिरण्यापेक्षा डावीकडच्या शेतांमधल्या कालव्यात शिरणं जवळचं होतं. मीही तेच ठरवलं.

शिकारा वाऱ्यात का अडचणीत येतो, ते सांगायला हवं. त्याचा तळ सपाट, खाली पाणी धरून ठेवणारा कणा नाही आणि वर छत व पडदे. वारा आडवा लागला की ते छत शिडाचं काम करतं. नावाडी मागच्या टोकाला, हातात बदामाच्या आकाराचं एकच वल्हं. नाक वळलं की ते सरळ करायला त्याच्याकडे जोर उरत नाही. तेवढ्यात घाबरून कुणी उठलं किंवा सगळे एका बाजूला झुकले, की काठ पाण्याला टेकतो. चारही शिकाऱ्यांत आम्ही पडदे गुंडाळून बांधले, बैठकीवरून सगळ्यांना खाली, गाद्यांवर बसवलं, सामान मध्ये घेतलं. पुढच्या बैठकीवरच्या आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून उशा टेकवून त्यांना आडवं केलं. पहिली झुळूक आली तेव्हा शेवटचा शिकारा कालव्याच्या तोंडाशी होता. दहा मिनिटांत बाहेरच्या पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या.

कालव्यात मात्र पाणी जेमतेम थरथरत होतं. कारण होतं दोन्ही बाजूंची डेंब. तलावाच्या उथळ भागात कडेने विलोची झाडं लावतात आणि त्यांच्या आत होड्या भरभरून पाणवनस्पती आणि गाळ टाकतात, पुराच्या पातळीच्या वर जमीन येईपर्यंत. ती स्थिर शेती म्हणजे डेंब. विलोची मुळं काठ धरतात आणि फांद्या वारा अडवतात. पण याच पद्धतीने पाण्याची जमीनही होत जाते, दल आक्रसण्यात डेंबचा वाटा आहे. त्या दुपारी आसरा डेंबनेच दिला, तरी हे मी प्रवाशांपासून लपवलं नाही.

वारा पाऊण तासाने पडला, पण बाहेर पडण्याआधीच समोरच्या खाडीतून आरडाओरडा ऐकू आला. एक राध सुटला होता. राध म्हणजे खरोखर तरंगणारं शेत. पाणकणसासारख्या लव्हाळ्यांची साधारण सहा फूट रुंदीची लांब पट्टी पाण्यावर तरंगते आणि चारही कोपऱ्यांना तळात ठोकलेल्या खांबांना बांधलेली असते. माणसाचं वजन पेलण्याइतकी ती दाट झाली, की गाळ आणि पाणवनस्पतींचे शंकूसारखे ढीग तिच्यावर ठरावीक अंतराने मांडतात. ढिगाला नाव पोकर. एका पोकरात टोमॅटोची दोन रोपं किंवा काकडीची चार. पाणी वर-खाली झालं तरी राध बरोबर वर-खाली होतो, त्यामुळे मुळं बुडतही नाहीत, सुकतही नाहीत. हवा तेव्हा तो होडीने ओढून दुसरीकडे नेता येतो. पूर्वी राध रात्रीतून चोरीला जात, आणि खांबापासून सोडून ओढून नेणं किती सोपं आहे, ते समोरच दिसत होतं.

इथे वाऱ्याच्या बाजूचे दोन खांब कलले होते, तिसऱ्याचा दोर तुटला होता आणि उरलेल्या एका खांबाभोवती अख्खं शेत फिरून कालव्यात आडवं आलं होतं. एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा मुलगा दोन होड्यांतून ते परत ओढत होते. आमच्या चाचांनी आणि दुसऱ्या एका नावाड्याने आपल्या शिकाऱ्यांतली माणसं डेंबच्या काठावर उतरवली आणि तेही मदतीला गेले. जोरात ओढलं तर पट्टी मध्येच फाटते, म्हणून चौघांनी दोर राधच्या टोकाला न बांधता, आडव्या घातलेल्या बांबूला बांधला आणि वल्ह्याच्या लयीत हळूहळू खेचलं. जागेवर आणल्यावर खांब पुन्हा सरळ केले, वजन टाकून, फिरवत फिरवत गाळात रुतवले. दोर बांधताना वीतभर ढील ठेवली. ताणून बांधला तर पाणी चढल्यावर कोपरा बुडतो.

तीन पोकर पाण्यात घसरले होते. मुलाने राधवर पोटावर झोपून लांब काठीने तळाचा चिखल आणि शेवाळ वर काढलं, नवे ढीग रचले आणि तरंगणारी रोपं एकेक करून गोळा केली. बारांपैकी नऊ सापडली. काकडीची होती, चार-चार पानांवर आलेली. आमचे आजोबा काठावरून मोजत होते, म्हणून मला आकडा नक्की माहीत आहे. सातला आम्ही घाटावर पोचलो. मी जॅकेटं मोजली, माणसं मोजली. चाचांच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलाने भरलेल्या होत्या.