आमची वाटचाल : चोवीस माग, एक बॉयलर आणि बिलाचा वाद

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, 1986 साली सोलापूरच्या साखर पेठेत भाड्याच्या खोलीत चार माग टाकले. त्यातले दोन भंगाराच्या भावाने आणलेले. आजोबा शहरातल्या एका मिलमध्ये साच्यावर होते. सोलापूरच्या मिली एकेक करत बंद पडल्या, त्यात त्यांचीही गेली आणि घरात खाणारी सात तोंडं होती. आजोबा नंतर दुसऱ्यांच्या मागांवर नगावर मजुरी करत राहिले. आमच्या घरात धंद्याचा कोणताही मोठा निर्णय निघाला की अप्पा आधी एवढंच विचारतात, "आणि मागवाल्याचं काय?"

चाराचे आठ झाले, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड घेतली. आज चोवीस माग आहेत, टॉवेल आणि नॅपकिन, आणि मागच्या बाजूला सूत रंगवायचं छोटं डाय हाउस. मी बी.कॉम. करून 2009 मध्ये हिशेब बघायला आले आणि राहिले. कामगार मला अक्का म्हणतात. निम्मे घरी तेलुगू बोलतात, दोघे कन्नड, आणि भांडण मात्र सगळे मराठीत करतात.

मधली दहा-बारा वर्षं सोडून देते. सुताचे भाव, नोटाबंदी, जीएसटी, लॉकडाउन हे प्रत्येक कारखानदाराने लिहिलंय, आमचं त्याहून वेगळं काही नाही.

वेगळं सुरू झालं ते एका फॉर्मने. आमचा माल एका मोठ्या निर्यातदाराकडे जातो, त्याच्याकडून तो युरोपात. 2023 मध्ये त्याने चार पानांचा तक्ता पाठवला: वर्षाला वीज किती, कोळसा किती, पाणी किती, टॉवेलमागे कार्बन किती. त्याच महिन्यात एक सल्लागार येऊन चहा पिऊन गेला. म्हणाला, "युरोप कार्बन कर लावतोय मॅडम, तुमचा टॉवेल बंदरातच अडकेल." फी सांगितली आणि गेला. मी त्या कराचं वाचून काढलं. युरोपियन युनियनचा तो सीमेवरचा कर ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती भरण्यापुरता सुरू होता, पैशाचा भाग 1 जानेवारी 2026 पासून. आणि यादीत काय? पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत, वीज, हायड्रोजन. टॉवेल नाहीच. सल्लागाराची फी वाचली. पण फॉर्म काही टळला नाही, कारण तो कायद्याने आलेला नव्हता, गिऱ्हाइकाने पाठवलेला होता. गिऱ्हाइकापुढे अपील नसतं.

मग मी आणि अप्पा रात्री जेवण झाल्यावर हिशेबाला बसलो. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. कोळशाचं गणित मांडलं तेव्हा अप्पांनी पेन्सिल थांबवली. आपल्याकडचा एक टन कोळसा जाळला की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. "टनाचा दीड टन? जळाल्यावर वाढतं कसं? कोळसेवाला तर उलटं करतो, टन सांगतो आणि नऊशे किलो टाकतो." मी सांगितलं, कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्यात येतं. अप्पांना पटलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

त्या आकडेमोडीतून एक गोष्ट स्वच्छ दिसली. आम्ही दिवसाला पाऊण टन कोळसा जाळत होतो, म्हणजे महिन्याला वीसेक टन, म्हणजे तीस टन धूर. छतावर 40 किलोवॅट सोलर टाकलं तर किलोवॅटमागे रोजचे सरासरी चार युनिट, महिन्याला 4,800. त्यातून वाचणार जेमतेम साडेतीन टन. सगळं जग सोलरसमोर फोटो काढतं, आमचा खरा प्रश्न मागच्या चिमणीत होता.

बॉयलरची सुरुवात फुकटातली निघाली म्हणायला हरकत नाही. डाय हाउसमधून वाफेचं जे गरम पाणी गटारात जात होतं ते पाइप टाकून परत बॉयलरच्या टाकीत आणलं. टाकीतलं पाणी 6 अंशांनी जास्त गरम मिळालं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं. आमचं पाणी बॉयलरमध्ये पूर्वी 30 अंशांवर जात होतं, आता 70 च्या पुढे जातं. उघड्या पाइपांना उष्णता धरून ठेवणारं ग्लासवूल गुंडाळलं, वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे ट्रॅप गळत होते ते बदलले. हे करायला कोणतीही हवामान परिषद लागत नाही, एक प्लंबर आणि आठ दिवस लागतात. बॉयलरवाले मामा मात्र महिनाभर कुरकुरले, "गटारात वाफ दिसली की कळायचं काम चालू आहे."

त्यानंतर कोळशाऐवजी पांढरा कोळसा घेतला. नाव पांढरा, रंग तपकिरी: तुराट्या, सोयाबीनचा भुसा, उसाचं चिपाड दाबून केलेल्या कांड्या. जाळल्यावर जो कार्बन निघतो तो त्या पिकाने गेल्याच हंगामात हवेतून घेतलेला, म्हणून हिशेबात तो फारसा धरत नाहीत. उन्हाळाभर झकास चाललं. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि ताडपत्रीच्या एका फाटक्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं. सकाळी बघते तर कांड्यांचा भुसा झालेला, भिजलेल्या पोह्यांसारखा. मामांनी तोच भट्टीत लोटला. वाफेचा दाब पडला, रंगाच्या टाकीचं तापमान 60 ला टिकेना आणि मोरपंखी सुताच्या सहा लड्यांची रंगछटा बिघडली. उजेडात धरलं की एका टॉवेलात दोन मोरपंखी दिसायचे. गिऱ्हाइकाने तो लॉट 3 टक्के कापून घेतला. त्याच आठवड्यात त्याच ऑफिसातून मेल आली: पर्यावरणपूरक इंधनाबद्दल अभिनंदन. कापलेले 3 टक्के कोणत्या खात्यात लिहायचे हे अप्पांनी मला तीनदा विचारलं. शेवटी आम्ही 'रंगखाते, नुकसान' असं लिहिलं. गोदामाला पक्कं छप्पर केलं तो खर्च वेगळा.

कोळसा सोडायचा की नाही यावर आमच्या भागातल्या कारखानदारांची एक बैठक झाली. तशा बैठका सगळीकडे होतात, मुद्देही तेच असतात. एक काका उठले, "अमेरिका जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्यांदा हवामानाचा पॅरिस करार सोडायला निघाली. ज्यांनी शंभर वर्षं धूर काढला ते निघाले, आणि आपण चोवीस मागांवर जग वाचवायचं?" टाळ्या. दुसऱ्याने बाकूच्या हवामान परिषदेचं काढलं: 2024 मध्ये श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं, भारताने तिथेच आक्षेप घेतला की हे फार तोकडं आहे. "त्यातले आपल्या गल्लीत किती येणार?" पुन्हा टाळ्या. एक तरुण पोरगा, नुकताच वडिलांच्या धंद्यात आलेला, म्हणाला की सगळं बदललं की खर्च कमीच होणार, नफाच नफा. त्याला टाळ्या नाहीत, आणि माझ्या मते त्या मिळायलाही नकोत. पहिला खर्च एकदम येतो आणि बचत महिन्याला चमच्याचमच्याने येते, हे ज्याने हप्ता भरलाय त्याला माहीत असतं. काकांचंही अर्धंच खरं. धूर कुणाचा जास्त हा हिशेब बरोबर आहे, पण ऊन वाटताना तो हिशेब कुणी बघत नाही.

मी बैठकीत बोलले ते कोळशाच्या सेसवर, म्हणजे उपकरावर. 2010 मध्ये सरकारने कोळशावर टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जेसाठी लावले. वाढत वाढत 2016 मध्ये 400 झाले. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तेच 400 राज्यांच्या नुकसानभरपाईत गेले. आम्ही भरत राहिलो, फक्त कारण बदललं. या सेसचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आम्हाला मिळत नव्हतं, टॉवेलवर सेसच नाही तर वळता कशात करणार? मग 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. पेपरात आलं, कोळसा महागला. आमच्या वहीत उलटं: जीएसटीचं क्रेडिट मिळतं, सेसचे 400 वाचले. म्हणजे जो गडी अजून कोळशावर आहे त्याचा माल त्या दिवशी आमच्यापेक्षा थोडा स्वस्त झाला. हां, टॉवेलवर 5 आणि कोळशावर 18, म्हणून त्याचं क्रेडिट तुंबतं आणि पैसा अडकतो, ते दुखणं त्याला आहेच. पण टनामागे चारशे रुपये हे त्याला पांढऱ्या कोळशाकडे ढकलणारं एकमेव साधं कारण होतं. ते गेल्यावर आमच्या रांगेतल्या एकाने परत कोळसा घेतला. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्याकडे सोळा माणसं आहेत.

काकांनी मला विचारलं, "अक्का, मग तुझं मत काय, करायचं की नाही?" मी म्हटलं, काका, एप्रिलमध्ये माझ्या शेडमध्ये दुपारी दोनला येऊन अर्धा तास उभे राहा.

ते चेष्टेत घेतलं गेलं, पण मी खरंच म्हणाले होते. आपल्याकडे पारा 43-44 ला जातो, तो सावलीतला. पत्र्याखाली, चोवीस मोटारींच्या मध्ये, तो आकडा कुणी मोजत नाही. हवेत ओल उरत नाही, ताणा, म्हणजे उभा धागा, तुटायला लागतो. मागवाला एक धागा जोडतो तोवर पलीकडे दोन तुटतात. त्याची मजुरी नगावर. म्हणजे उन्हाने बंद पडलेल्या तासाचं बिल आधीपासूनच कुणीतरी भरतोय, फक्त ते माझ्या वहीत येत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं वापरायचं पाणी संपून साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला तेव्हा टँकरचं बिल माझ्या वहीत आलं. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद झाला आणि आमचा माल तीन दिवस ट्रकमध्ये बसून राहिला, तेही आलं. मागवाल्याचं येत नाही. 2024 च्याच उन्हाळ्यात एकजण धोट्यातली सुताची कांडी बदलता बदलता खाली बसला. मीठ-साखरेचं पाणी दिलं, रिक्षाने घरी सोडलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहिली पाळी सकाळी सहाची केली.

शेवटी सोलर टाकलंच, कर्ज काढून. दाखवलेल्या बचतीपेक्षा प्रत्यक्षातली कमी आहे, धूळ फार बसते आणि दर पंधरा दिवसांनी धुवायला पाणी लागतं, त्याचा हिशेब कोटेशनमध्ये नव्हता. वाइंडिंगचं, म्हणजे सूत गुंडाळायचं, काम दिवसा आणलं म्हणून बरीच वीज तिथेच खपते. शेडच्या छताला दोन उतार आहेत. पॅनेल दक्षिणेच्या उतारावर बसली, उत्तरेचा पत्रा तसाच उघडा.

मे महिन्यात मेस्त्री ऑफिसात आले. म्हणाले, दक्षिणेकडच्या बारा मागांवर कोण बसणार यावरून भांडण लागलंय. पॅनेलची सावली पत्र्यावर पडते, खाली हात लावून बघा. मी जाऊन लावला. उत्तरेच्या बाजूला शिडीवरून पत्र्याला बोट टेकवलं तर चटका बसला, दक्षिणेला तळहात ठेवता आला. तिकडच्या मागांवर धागा कमी तुटतो, नग जास्त निघतात, म्हणजे मजुरी जास्त. कोटेशनमध्ये हेही नव्हतं. आम्ही आठवड्याने माग बदलायचे असं ठरवलं. ज्येष्ठ मागवाल्यांना ते मान्य नाही, प्रत्येकाला आपला माग हातचा असतो.

उत्तरेकडच्या पत्र्याला यंदा चुना मारलाय. थोडा फरक पडतो, दोन पावसांत धुऊन जाईल. तिकडेही पॅनेल टाकली तर वीज कमी मिळते, म्हणून बँकेचा माणूस म्हणतो की परतफेडीची वर्षं वाढतात, फाइल बसत नाही. मी त्याला मागवाल्यांच्या नगांचा तक्ता दाखवला. तो म्हणाला, मॅडम, ही बचत तुमच्या नावावर नाही ना. अप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी तक्ता उचलला, चष्मा लावला आणि उत्तरेकडच्या बारा जणांची नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.