साकु म्हणजे साखर

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या गावांत ज्ञानेश्वरीचे पारायण बसले की शेवटच्या रात्री जागर होतो आणि दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाने सप्ताहाची सांगता होते. लहानपणी ती जागराची रात्र आम्ही मुले डोळे चोळत, एकमेकांना चिमटे काढत जागवीत असू, आणि त्यामागचे कारण मुळीच पारमार्थिक नव्हते. रात्री दीड-दोनच्या सुमारास टाळकऱ्यांच्या माना डुलू लागल्या म्हणजे भारुडे म्हणणारे एक बुवा उठत, खांद्यावरचे उपरणे डोक्याला रुमालासारखे गुंडाळीत, पोट थोडे पुढे काढीत आणि पाहता पाहता धारवाडकडचे जावईबापू होऊन मंडपाच्या मधोमध येऊन बसत. सासू मात्र त्यांच्या सोंगात नसे. सासू व्हायचे ते आम्ही, म्हणजे सगळा मंडप मिळून एक सासू.

गाण्याची गोष्ट साधी होती. जावई कन्नड, सासू मराठी आणि दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही. उन्हातून आलेला जावई पाटावर बसतो आणि नम्रपणे म्हणतो, ‘ऊटा’. कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण. पण ट आणि ठ यांतला फरक त्या माउलीच्या कानाला कुठला कळायला! ती कळवळून म्हणते, ‘उठा कशाला? बसा की ओ!’ त्याला तहान लागते, म्हणून तो ‘नीरु’ म्हणजे पाणी मागतो. उत्तर येते, ‘निरू गेली सासरी!’ शेवटी मांडे ताटात पडतात, आणि आमच्याकडचा मांडा म्हणजे पिठीसाखर भरून पापुद्र्यासारखा घडी घातलेला, दुधाशिवाय घशाखाली न उतरणारा ऐवज, तेव्हा तो बिचारा ‘हालु’ म्हणजे दूध मागतो, तर सगळा मंडप दटावून सांगतो, ‘हालू नका, गप बसा!’ कोरडाच मांडा गिळून तो ‘साकु’ म्हणतो, पुरे. सासू म्हणते, ‘साखर घाला!’ तो दोन्ही हात जोडून ‘बेडा, बेडा’ म्हणतो, नको. सासू म्हणते, ‘पेढा आणा!’ आणि आणला जाणारा पेढा अर्थातच त्यानेच धारवाडहून पुडक्यात बांधून आणलेला असतो.

प्रत्येक फेरीला एक शब्द वाढे, गाणे पुन्हा पहिल्या ‘ऊटा’पासून सुरू होई आणि लय चढत जाई. मंडपाचे दोन भाग ठरलेले होते. पेटीकडच्यांनी झील, म्हणजे मागून सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ, पहिल्यांदा उचलायची, तीच पखवाजाकडच्यांनी दुसऱ्यांदा म्हणायची. पाचव्या फेरीला कोणाच्या तोंडून ‘पेढा घाला, साखर आणा’ असे उलटसुलट निघाले की बुवा टाळ थांबवून त्या बाजूकडे नुसते पाहत आणि रुमाल सारखा करीत. त्या पाहण्याने जेवढे हसू येई, तेवढे गाण्यानेही येत नसे.

हा विनोद काही बुवांनी शोधून काढलेला नव्हता, आणि ते स्वतःही तसे कधी म्हणत नसत. गाण्याआधी ते तुकोबांचा एक अभंग गंभीरपणे म्हणत, ज्यात कानडी बायको मराठी नवऱ्याला ‘इल बा’, म्हणजे ‘इकडे ये’, म्हणून बोलावते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळत सुटतो. तुकोबांना त्यातून सज्जनांची संगत मागायची होती. बुवांना त्यातून जावई मिळाला, एवढाच फरक.

बाजारपेठेतले कन्नड बोलणारे व्यापारीही जागराला येऊन बसत, आणि त्यामुळे मंडपात हसू दोन लाटांनी येई, हे मला बरेच उशिरा उमगले. बुवांच्या तोंडून ‘हालु’ निघाले की पुढे काय होणार हे ओळखून ती मंडळी आधीच खुदखुदू लागत, कारण दूध मागून ते न मिळण्याचे दुःख त्यांना आतून कळत असे. आम्ही मराठी घरची मुले हसत असू ती सासूच्या उत्तरावर. बुवा या दोन लाटांच्या मध्ये नेमकी एक मात्रा रिकामी सोडीत, आणि पखवाजवालाही तेवढा वेळ हात वर धरून ठेवी. पुढे पुण्याला शिकायला गेल्यावर वसतिगृहात मी मोठ्या हौसेने हे गाणे म्हणून दाखवले. आधी पाच शब्दांचे अर्थ सांगावे लागले, मग गाणे म्हणावे लागले, आणि ऐकणाऱ्यांनी सभ्यपणे ‘छान आहे’ असे म्हटले. मांड्यावर दुधाऐवजी आमटी ओतल्यासारखे मला झाले.

याउलट, एके वर्षी धारवाडकडून बदली होऊन आलेले एक मास्तर जागराला बसले होते. गावात येऊन त्यांना महिनाही झालेला नव्हता. एका पोराने त्यांच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतायला घेतला, तेव्हा कपावर हात ठेवून ते सहज ‘साकु, साकु’ म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी चारी बाजूंनी ‘साखर घाला!’ अशी आरोळी उठली. मास्तर घाबरून उभे राहिले. शेजाऱ्याने कानात सगळे समजावल्यावर मात्र ते असे हसले, की उरलेला चहाही सांडला. पुढच्या वर्षी जावयाच्या पाटावर बुवांनी त्यांनाच बसवले. त्यांचा ‘बेडा’ बुवांच्या ‘बेडा’पेक्षा जास्त केविलवाणा होता, हे मला आजही मान्य करावे लागते.

मागच्या दिवाळीत बेळगावात रविवार पेठेजवळच्या एका दुकानात मी कुंदा घेत होतो. दुकानदार तराजूत भर घालतच चालला होता, म्हणून मी सवयीने म्हटले, ‘साकु’. मागच्या रांगेतून अगदी हलक्या, पण तालातल्या आवाजात ऐकू आले, ‘साखर घाला.’ वळून पाहिले तर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा हातातल्या पिशवीत काहीतरी शोधत असल्याचा बहाणा करीत होते. मी हसलो, तेव्हा त्यांनी विचारले, ‘जागराला कुठं बसत होतास? पेटीकडं, का पखवाजाकडं?’

‘पखवाजाकडं,’ मी म्हणालो.

‘तरीच,’ आजोबा म्हणाले, ‘पखवाजाकडची मंडळी झील कायम उशिरा उचलायची.’